मी बायकोचा ओव्हन दुरुस्त केला

गेली एकोणतीस वर्षं मी भट्टीसमोर उभा आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमची कंपनी गाड्यांचे गिअर बनवते, आणि माझं खातं हीट ट्रीटमेंटचं. यंत्रावर कापून आलेला गिअर मऊ असतो. तो भट्टीत तापवायचा, ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ठेवायचा आणि मग तेलात बुडवून एकदम गार करायचा, की तो टणक होतो. काम एवढंच. पण त्यात थोडे अंश इकडेतिकडे झाले की अख्खा लॉट भंगारात जातो आणि साहेबासमोर मान खाली घालून उभं राहावं लागतं. त्यामुळे तापमान या एका बाबतीत मी जरा ताठ माणूस आहे. घरात कुणी "दूध जरा कोमट करा" म्हटलं तरी माझ्या तोंडावर येतं, कोमट म्हणजे किती?

माझी बायको आठ वर्षांपासून घरी चॉकलेटच्या कुकीज आणि ब्राउनी करून विकते. मंगळवार पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. त्यातल्या मागच्या खोलीत स्वयंपाकघर, आणि तिथल्या खिडकीखालच्या कट्ट्यावर ओव्हन. लेक कॉलेजात असताना तिने मैत्रिणीच्या घरातून तो जुना ओव्हन उचलून आणला, मोबाइलवर बघून दोनदा केक केला आणि सोडून दिला. तिची आई मात्र त्याच्यापाशी बसली ती बसलीच. लेक लग्न होऊन पुण्याला गेली, ओव्हन इथेच राहिला.

मोबाइलवरची पाककृती बायकोने पहिल्या महिन्यातच मोडीत काढली. त्यात दुकानातलं बटर सांगितलं होतं. तिला ते मेण खाल्ल्यासारखं लागलं, म्हणून तिने दूधकट्ट्यावरच्या गवळ्याकडून म्हशीचं ताजं लोणी घ्यायला सुरुवात केली. तपकिरी साखर सांगितली होती, तिने गुळाची पावडर घातली. अंडी सांगितली होती. आमच्या गल्लीत निम्मी घरं लिंगायतांची, त्यांना अंडं चालत नाही, आणि तिची पहिली गिऱ्हाईक मागच्या गल्लीतली कापडदुकानवाली काकू, ती पक्की लिंगायत. मग अंड्याच्या जागी दही आलं. चॉकलेट मात्र तिने कधी कमी केलं नाही. काळ्या कडू चॉकलेटची लादी ती सुरीने तासून घालायची, आणि वर आणखी मुठीने.

तिची ब्राउनी अशी असायची: वर पापुद्रा, कागदासारखा पातळ, सगळीकडे तडकलेला. तो बोटाने दाबला की मोडायचा आणि खाली काळंभोर, ओलसर, बोटाला चिकटून येणारं. कुकीजच्या कडा कुरकुरीत आणि मध्य मऊ. मला गोड फारसं आवडत नाही, तरी कंपनीच्या डब्यात ती एक कुकी ठेवायची आणि मी ती चहाच्या सुट्टीपर्यंत कशीबशी राखून ठेवायचो. पेठेत तिला आधी माझी बायको म्हणून ओळखायचे, नंतर पोरीची आई म्हणून. चाळिशी उलटल्यावर ती स्वतःच्या हातच्या एका वस्तूमुळे ओळखली जायला लागली. रस्त्यात अनोळखी बाया थांबवून विचारायच्या, "ब्राउनीवाल्या काकू न्हवं तुम्ही?" आणि ती लाजून "व्हय की" म्हणायची. या सगळ्या गोष्टीत पणाला काय लागलेलं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच माझी चूक मला माफ करता येत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पेठेत चिकुनगुनियाची साथ आली. घरटी एक माणूस झोपलं. बायकोचा ताप पाच दिवसांत उतरला, पण सांधे धरले ते सोडेनात. मनगटं आणि बोटं सुजून लाल झाली. सकाळी मूठ वळायची नाही. दुधाची पिशवी फाडता येईना, नळ फिरवता येईना, ब्लाउजचे हुक लावता येईनात. पहाटे कंपनीची बस पकडण्याआधी मी तिचे हुक लावायचो आणि वेणी घालायचो. वेणी तर मला येतच नव्हती. मी नुसती पेडांची गाठ मारल्यासारखं काहीतरी करायचो आणि ती आरशात न बघता म्हणायची, "बास, चाललंय." डॉक्टर म्हणाले, दोन महिने जातील, सहाही जातील, सांगता येत नाही.

ती अंथरुणात बसून मला म्हणाली, "सगळ्यांना एक मेसेज पाठवा. तब्येत बरी न्हाय, बरी झाल्यावर परत करीन म्हणून."

तिला टाइप करता येत नव्हतं. मोबाइल माझ्या हातात होता. मी तिने सांगितलेला मजकूर लिहिला आणि पाठवला नाही. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळलं की परत येत नाही, असा माझा हिशेब. ती बरी होऊन उठेल आणि तिला कळेल की कुणी तिची वाट बघत नाही, हे मला नको होतं. मी म्हटलं, "बंद कशाला करायचं? मी हाय की. तू नुसतं सांग, मी करतो."

ती मग म्हणाली, "तुम्ही दमून येतासा."

"दमलो तर दमलो," मी म्हणालो.

आणि दमलोच. पहिली पाळी सात ते तीन. भट्टीचं दार उघडलं की तोंडावर जी झळ येते तिने एकोणतीस वर्षांत माझ्या भुवया अर्ध्या करून टाकल्या आहेत. सव्वाचारला घरी पोहोचायचं, अंघोळ करायची, तिला चहा करून बशीतून पाजायचा आणि पुन्हा एका भट्टीसमोर उभं राहायचं. ती स्वयंपाकघराच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायची, मांडीवर पातेलं, पातेल्यात मिठाचं गरम पाणी, त्यात दोन्ही हात. तिथून ती मला चालवायची. लोणी गरम करा, चॉकलेट त्यात सोडा, गॅस बंद करा, आता ढवळा.

"किती मिनिटं?"

"सांगते की. ढवळत राहा."

मी ढवळत राहायचो. खांदे भरून यायचे. ती मान वाकडी करून भांड्यातल्या आवाजाकडे लक्ष द्यायची आणि मध्येच म्हणायची, "बास." मी विचारायचो, बास कशावरून? ती म्हणायची, "बास म्हंजे बास."

माझ्यासारख्या माणसाला हे सहन होणं अवघड होतं. तो ओव्हन म्हणजे तर डोक्याला ताप. त्याचं दार वरच्या बाजूने नीट लागायचं नाही, नखभर फट राहायची आणि तिच्यातून वाफ बाहेर यायची. खालची तापणारी कांडी मध्ये लोंबली होती. उजवीकडे जळायचं, डावीकडे कच्चं राहायचं, म्हणून ट्रे अर्ध्यात फिरवायला लागायचा. नॉबवरचे आकडे निम्मे पुसलेले, आणि त्यांच्यामध्येच बायकोने नेलपॉलिशचा एक लाल ठिपका देऊन ठेवलेला. नॉब ठिपक्यावर आणायचा, संपलं. वेळेचं तर विचारूच नका. फटीतून येणाऱ्या वासावर तिचं सगळं चालायचं. आधी कोकोचा कडवट वास येतो, मग लोण्याचा, मग ते दोन्ही एक होतात. एक झाले की पाच मिनिटं. "एक झाले हे कसं ओळखायचं?" असं मी विचारलं तर ती नुसती हसली. मला वास यायचा तो एकच, चॉकलेटचा. तिने "काढा" म्हटलं की मी काढायचो, आणि ट्रेमध्ये दरवेळी तो तडकलेला पापुद्रा असायचा. मनातल्या मनात मी म्हणायचो, ही नुसती नशिबाची गोष्ट आहे, कधीतरी फसणार.

महिनाभराने लेक आली आणि आईला विश्रांतीसाठी पुण्याला घेऊन गेली. पंधरा दिवस. बायको जाताना म्हणाली, "आता तरी बंद ठेवा. मी न्हाय तर कुणाला विचारणार?" मी मान हलवली. गाडी वळणावरून गेली आणि मी घरात येऊन ओव्हनसमोर उभा राहिलो.

मला वाटलं, ही संधी आहे.

शनिवारी मी कंपनीतून गेटपास करून भट्टीचं तापमान मोजायची तार आणि मीटर घरी आणलं. रविवारी सकाळी तार ओव्हनच्या चारही कोपऱ्यांत लावून बघितली. कुठल्याच दोन कोपऱ्यांत एकसारखं तापमान नव्हतं. तिच्या लाल ठिपक्याला तर आकड्यांशी काही देणंघेणंच नव्हतं. बघून माझ्या अंगाची लाही झाली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. महिनाभर मी तिच्या "बास म्हंजे बास"पुढे मुकाट राहिलो होतो. आता माझ्या प्रांतातली गोष्ट निघाली होती.

मी उद्यमनगरात जाऊन नवीन कांडी आणली. भट्टीच्या दाराला लावतात तशी काचेच्या धाग्याची दोरी आणली आणि ती दाराच्या चौकटीत बसवली. फट मिटली. मागचा पत्रा उघडून आतला स्क्रू थोडा थोडा फिरवत नॉबवरचा आकडा आणि आतलं तापमान जुळवून घेतलं. पुसलेले आकडे रंगाने पुन्हा काढले. ठिपका आता चुकीच्या जागी होता, तो थिनरने पुसून टाकला. लोंबलेली कांडी भंगारवाल्याला दिली. मग कंपनीत लावतो तसा तक्ता केला: तापमान, वेळ, ट्रेची जागा. तो फ्रिजवर चिकटवला. सगळं झाल्यावर हात पुसत मी खुर्चीत बसलो आणि बऱ्याच दिवसांनी मला एखादं काम पूर्ण झाल्यासारखं वाटलं.

पहिला ट्रे काढला तो चारही कोपऱ्यांत एकसारखा फुगलेला होता. एका रेषेत. मी फोटो काढून लेकीला पाठवला. लेकीने लिहिलं, "बाबा, भारी!" आईला दाखवला का, विचारलं तर म्हणाली, "दाखवला. छान म्हणाली."

त्याच संध्याकाळी कापडदुकानवाल्या काकू डबा न्यायला आल्या. दोन दिवसांनी परत दारात उभ्या. आत या म्हटलं तर येईनात. चप्पल दारातच चाळवत राहिल्या.

"पावणं, राग मानू नका," त्या म्हणाल्या. मी पंधरा वर्षं त्यांच्या दुकानातून शर्टाचं कापड घेतोय, तरी त्या दिवशी मी पावणा झालो. "चांगलंच हाय. पण केक लागतोय की वो. आमची सून म्हणाली, ह्ये त्यांचं न्हवं."

मी त्यांना समजावून सांगायला लागलो. आधी उजवीकडे जास्त जळत होतं, आता सगळीकडे एकसारखी आच आहे. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ते असंल. त्या कधी येणार?"

त्यांच्यानंतर आणखी एकदोघांनी असंच काही सांगितलं. काहीजणांनी काहीच सांगितलं नाही, नुसतं मागवणं थांबवलं. पण माझ्या खात्यातल्या एकाने पोराच्या वाढदिवसाला माझ्याकडून चार ट्रे नेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, दुकानातल्यासारखी एकसारखी ब्राउनी. मी ती एक गोष्ट धरून बसलो. काकूंना मी मनातल्या मनात अडाणी ठरवलं. पापुद्रा का येत नाही याचं कारण शोधायला मला सुचलं नाही, कारण माझ्या मते त्यात बिघाड नव्हताच. कारण साधं होतं: ताज्या लोण्यात पाणी जास्त असतं. ते पाणी त्या नखभर फटीतून वाफ होऊन निघून जायचं आणि वरची बाजू तडकून सुकायची. मी ती फट बंद केल्यावर वाफ आत कोंडली आणि ब्राउनीचा केक झाला. भट्टीवर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. मला ते फार उशिरा, दुसऱ्याच कारणाने कळलं.

बायको पुण्याहून आली. पाय धुऊन थेट स्वयंपाकघरात गेली. मी मागे मागे. तिने ओव्हनचं दार उघडलं, सुजलेल्या बोटाने दोरीवरून एकदा हात फिरवला. नॉबकडे वाकून बघितलं, ठिपक्याच्या जागी. फ्रिजवरचा तक्ता वाचला, सगळा.

"नवीन केलासा," ती म्हणाली.

मी वाट बघत होतो, अजून काहीतरी म्हणेल म्हणून. ती म्हणाली, "चहा टाका."

त्यानंतर मी रोज संध्याकाळी तक्त्याप्रमाणे ट्रे काढत राहिलो. तिला काही विचारायची गरज उरली नव्हती. ती प्लॅस्टिकची खुर्ची दारातून उचलून मी पुढच्या खोलीत टीव्हीसमोर नेऊन ठेवली, म्हटलं आरामात बसू दे. ती बसायची. आवाज बारीक करून कुठलीतरी मालिका लावायची आणि बघायची नाही. मला वाटायचं, सांधे दुखत असतील. कधी मी आतून ओरडून विचारायचो, "बरं वाटतंय न्हवं?" ती म्हणायची, "व्हय." मला तेवढं पुरायचं. दमलेल्या माणसाला एका शब्दाचं उत्तर फार सोयीचं पडतं. दिवसभर उभं राहून पोटऱ्या ठणकायच्या, मैदा चाळताना डोळे मिटायचे, आणि मी स्वतःला सांगायचो, हे सगळं तिच्यासाठी चाललंय. एकदा तिच्या हातून पाण्याचा तांब्या पडला तेव्हा मी तिच्यावर खेकसलो. "तेवढं तरी बसून राहा की," म्हणालो. ती बसून राहिली.

संक्रांत होऊन गेली तशी तिची बोटं वळायला लागली. हुक तिचे तीच लावू लागली. वेणीही. मी मनातून सुटलो. पण ओव्हनकडे ती फिरकली नाही आणि मीही विषय काढला नाही. मला वाटलं, नसेल इच्छा.

एका मंगळवारी मी पाळीवरून आलो तर जिन्यातच करपट वास. वर धावत गेलो. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. बायको स्वयंपाकघरात ओव्हनपाशी खाली फरशीवर बसली होती, पाठ भिंतीला, पदर मैद्याने भरलेला. समोर ट्रे होता. कडा कोळसा झालेल्या, मधला भाग काळाठिक्कर. बाजूला भांडं, त्यात तिचा फिरवायचा चमचा. तिने सगळं स्वतः ढवळलं होतं. हात बदलून बदलून. दोन्ही मनगटं पुन्हा सुजली होती.

मी आधी ओव्हन बंद केला, मग खिडकी उघडली, आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं. "मला विचारायचं होतंस की. फ्रिजवर तक्ता लावलाय, एवढं सगळं लिहून ठेवलंय—"

"वासच आला न्हाय," ती म्हणाली.

"कसला वास?" मी विचारलं.

"बसून हुते हितं. कोकोचा येईल, मग लोण्याचा येईल. आलाच न्हाय काय. कुठनं येणार? तुम्ही दार बुजवून टाकलासा." ती माझ्याकडे बघत नव्हती, ट्रेकडे बघत होती. "आला तवा करपल्याचाच आला."

मी तिथेच कट्ट्याला टेकून उभा राहिलो. दोरी, फट, वाफ, पापुद्रा, काकूंची सून, सगळं एका ओळीत समोर आलं. ती फट म्हणजे तिचं घड्याळ होतं, आणि ते मी बुजवून टाकलं होतं. मी म्हटलं, "मी परत होतं तसं करून देतो."

"होतं तसं म्हंजे कसं?"

कंपनीत आमच्याकडे कालचं आलेलं पोरसुद्धा कुठल्याही भट्टीला हात लावण्याआधी ती कशा अवस्थेत आहे ते लिहून ठेवतं. कुठल्या कोपऱ्यात किती, स्क्रू कुठे होता, सगळं. त्याशिवाय मी खात्यात कुणाला स्क्रूड्रायव्हर उचलू देत नाही. घरी मी काहीच लिहिलं नव्हतं. मला ती नोंद घेण्यासारखी गोष्टच वाटली नव्हती. लोंबलेली कांडी भंगारात गेली होती, ठिपक्याची जागाही आता आठवत नव्हती.

मी तिला तसं सांगितलं. तिने पदरावरचा मैदा झटकला. मग म्हणाली, अगदी हळू, भांडण्याचा सूर नव्हता त्यात:

"हात गेलते माझे. निदान ओव्हन तरी माझा ठेवायचा हुता."

मी म्हणालो, तुझंच सगळं वाचवायला केलं. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून. मेसेजसुद्धा पाठवला नाही तो त्याचसाठी.

हे मी तिला पहिल्यांदाच सांगत होतो. तिने मान वर करून बघितलं. "पाठवला न्हाई?"

"न्हाई."

"पाठवायचा हुता वो," ती म्हणाली. "बंद पडलं असतं तर परत सुरू केलं असतं मी. आता काय सुरू करू? ते चालूच हाय. माझ्याबिगर."

मला रडू आलं. तिलाही आलं असावं, पण ती उठली, भिंतीचा आधार घेत, आणि करपलेला ट्रे बेसिनमध्ये ठेवून त्यात पाणी सोडलं. तो आम्ही दोघांनी मिळून घासला. म्हणजे मी घासला आणि तिने पाणी ओतलं.

त्याच आठवड्यात मी तिच्यादेखत मेसेज पाठवला: काही दिवस बंद आहे. मी स्वतःला म्हटलं, ज्यांना नंतर यायचं ते येतील. तक्ता फाडला. तिने सांगितलं म्हणून दाराची दोरी उपसून काढली. फट पुन्हा तेवढीच राहिली की नाही, मी मोजली नाही. मोजू का, असंही विचारलं नाही. हे न विचारणं मला किती जड गेलं ते माझ्या खात्यातल्या माणसांनाच कळेल.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "पुढच्या खोलीत बसा." मी बसलो. आतून भांड्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. थांबला की ती मनगट चोळत असणार हे मला कळायचं. एकदा तिने हाक मारली. मी तटकन उठलो. नुसता चॉकलेटच्या लादीचा कागद फाडून हवा होता. फाडून दिला आणि परत येऊन बसलो. ट्रे आत गेला. माझी नजर घड्याळावर गेली, मी ती मुद्दाम काढून खिडकीबाहेर लावली. खाली गल्लीत कुणीतरी गाडी धूत होतं. थोड्या वेळाने वास आला. आधी कडवट. नंतर मला वाटलं, लोण्याचाही आला, पण ते मी खात्रीने सांगू शकत नाही.

ओव्हनचं दार उघडल्याचा आवाज आला. लवकर होता. फार लवकर. मी उठून दारापर्यंत गेलो. तिने दोन्ही हातांत जाड फडकी घेऊन ट्रे कट्ट्यावर ठेवला. वर पापुद्रा धरला होता, एका बाजूला, चार बोटं रुंद. बाकी सगळं मऊ, हललं की हलणारं. तिने सुरी घातली. सुरी मध्ये गेली आणि काळी, ओली, भरून बाहेर आली.

मी पुष्कळ वेळ तोंड धरून ठेवलं होतं. तरी निघालंच. "सात-आठ मिनिटं कमी पडली."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. तिने सुरी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे वळली. चार महिन्यांत मी तिचा तो चेहरा बघितला नव्हता. घाम आलेला, दमलेली, आणि चिडलेली. "ही माझी चूक हाय. हिला तुम्ही हात लावायचा न्हाई."

मी मागे सरकलो. तिने डब्यातून चमचा घेतला, ट्रेसमोर स्टूल ओढलं आणि मधला कच्चा भाग खायला लागली, सावकाश, एकटीच, प्रत्येक घास तोंडात धरून. मी दारात उभा होतो. घेणार का, असं तिने मला विचारलं नाही.